आपली फाईल आधी आपण वाचावी

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे छापील बिल हातात घ्या. दुकानाच्या नावाखाली पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो, गोव्यात ३० ने. हे पहिले दोन अंक आणि शेवटची तीन चिन्हे बोटाने झाका. मधे जी दहा उरली, तो दुकानदाराचा पॅन. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर त्यातले चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे त्याच्या आडनावाचे आद्याक्षर. आपण जो क्रमांक कपाटाच्या चोरकप्प्यात जपून ठेवतो, तो हा माणूस दिवसभर गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत टाकत असतो, आणि कायद्यानेच त्याला तसे करायला लावले आहे.

पॅन हा खरे तर दोरा आहे. बँक, दुय्यम निबंधकाचे कार्यालय, म्युच्युअल फंड, नोकरी देणारी कंपनी, भाडेकरू हे सगळे आपापला मणी त्या दोऱ्यात ओवतात आणि माळ जमा होते आयकर खात्याकडे. करसल्ल्याच्या कामात माणसे भेटतात ती बहुतेक दोन प्रकारची. एकाला वाटते, ‘त्यांना काय कळतंय?’ दुसऱ्याला वाटते, ‘त्यांना सगळंच कळतं, आपण काय करणार?’ आपली माळ मात्र दोघांनीही कधी हातात घेऊन पाहिलेली नसते. ती पाहता येते, फुकट आणि घरबसल्या. एखादा मणी चुकीचा ओवला गेला असेल तर तसे लेखी कळवताही येते. हा सगळा लेख त्यासाठीच आहे.

मणी कोण ओवतो

नोटाबंदीनंतर, ३१ जानेवारी २०१७ रोजी आयकर खात्याने ‘ऑपरेशन क्लीन मनी’ सुरू केले. बँकांत भरलेली रोकड आणि माणसांची विवरणपत्रे समोरासमोर ठेवून पहिल्याच टप्प्यात सुमारे १८ लाख लोकांना विचारणा झाली. सामान्य खातेदाराला ‘जुळवणी’ म्हणजे काय ते तेव्हा प्रथम समजले. यंत्रणा त्याआधीपासूनच होती. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २८५बीए आणि नियम ११४ई नुसार ठरावीक संस्थांना ठरावीक व्यवहार दरवर्षी ३१ मेपर्यंत खात्याला कळवावे लागतात. याला वित्तीय व्यवहारांचे विवरण म्हणतात. आमच्या धंद्यात सगळे ‘एसएफटी’ म्हणतात.

मर्यादा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत मिळून १० लाख रुपये किंवा जास्त रोकड भरली, तर बँक कळवते. चालू खात्यात ५० लाखांची रोकड भरली किंवा काढली तरी कळवते. नव्या मुदत ठेवी १० लाखांच्या, शेअर, रोखे किंवा म्युच्युअल फंडाची खरेदी १० लाखांची, परकीय चलन १० लाखांचे. क्रेडिट कार्डाचे बिल वर्षात १० लाख भरले तर, आणि रोखीने भरले असेल तर १ लाखालाच. घर किंवा जमिनीची खरेदी-विक्री ३० लाखांची असेल तर दुय्यम निबंधक कळवतो. ज्याला हिशेबाचे ऑडिट लागू आहे असा व्यापारी एखाद्या विक्रीपोटी २ लाखांपेक्षा जास्त रोख घेतो, तेव्हा तोही कळवतो. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचे व्यवहार जुन्याच कायद्याने मोजले जातात, म्हणून इथे जुने क्रमांक दिले आहेत. त्यापुढच्या वर्षांसाठी पोर्टलवरचे ताजे नियम पाहावेत.

या मर्यादा कळल्या की काहींच्या डोळ्यांत चमक येते. ‘म्हणजे साडेनऊ लाख भरले तर?’ हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच. एकाच बँकेच्या दोन शाखांत भरलेली रोकड एकत्र मोजली जाते, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर त्याहून महत्त्वाचे. मर्यादा चुकवायला रक्कम तुकड्यांत भरली जाते आहे असा संशय बँकेला आला, तर ती मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे संशयित व्यवहाराचा वेगळा अहवाल पाठवते. तो अहवाल गेल्याचे तुम्हाला कोणी सांगत नाही. सांगण्याची बँकेला मुभाच नाही. सरळ भरलेल्या बारा लाखांची एक साधी नोंद झाली असती. चतुराईने भरलेल्या साडेनऊ लाखांना मात्र ‘संशयित’ असे विशेषण चिकटते.

व्याजाला तर मर्यादाच नाही. कित्येक ज्येष्ठ नागरिक बँकेत १५एच फॉर्म देतात आणि टीडीएस कापला गेला नाही म्हणून ते व्याज कोणाला दिसत नाही असे धरून चालतात. फॉर्ममुळे कपात थांबते, नोंद थांबत नाही. पोस्टातले व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला व्यवहार हे सगळे त्या त्या संस्थेकडून येतेच.

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे निम्मी भीती निर्माण होते. निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापकांनी ग्रॅच्युइटीचे १२ लाख रुपये मुदत ठेवीत ठेवले आणि ठेवीवर पत्नीचेही नाव घातले. आपल्याकडे सगळे घालतातच. उद्या कोणाला काही झाले तर धावपळ नको. पुढच्या वर्षी बाईंच्या नावावर १२ लाखांची गुंतवणूक दिसू लागली. त्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नव्हते. मुख्याध्यापक माझ्याकडे आले तेव्हा त्यांना वाटत होते की बँकेने त्यांचे वाटोळे केले. बँकेने फक्त नियम पाळला होता. नियम ११४ई सांगतो की खाते एकाहून अधिक जणांच्या नावे असेल, तर पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या नावे दाखवायची. म्हणजे बारा लाखांची एकच ठेव दोन फायलींत चोवीस लाखांसारखी दिसते, आणि मुलाचे नावही घातले असेल तर छत्तीस. यात गुन्हा काही नाही. पैसे कोणाचे, ते सांगायचे राहिलेले असते, एवढेच. ग्रॅच्युइटीच्या आदेशाची प्रत आणि बँकेचे उतारे एका फायलीत लावून ठेवा, विचारणा आली की पाच मिनिटांचे काम.

घराचा व्यवहार हा वेगळा मामला. महाराष्ट्रात दस्त नोंदला की त्याची सूची क्रमांक दोन तयार होते आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. गेल्या अनेक वर्षांत छापलेल्या या सूचींमध्ये विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, वय, पत्ता आणि त्यापुढे ‘पॅन नं.’ असे सारे दिसते. आयकर खात्याकडे जाणारी माहिती निदान कुलपात जाते. ही माहिती चव्हाट्यावरच असते. म्हणून कोणी फोनवर तुमचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन घडाघडा वाचून दाखवला, तरी तो आयकर खात्यातूनच बोलतो आहे असे मानण्याचे काही कारण नाही.

फाईल उघडायची कशी

नोव्हेंबर २०२१ मध्ये खात्याने वार्षिक माहिती विवरण सुरू केले. याचे लघुनाव ‘एआयएस’. त्याआधी आपल्याला फक्त २६एएस दिसत असे आणि त्यात मुख्यतः कापलेला कर असे. एआयएसने तो पडदा बराच वर उचलला. खात्याने स्वतःहून टाकलेल्या पावलांपैकी हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटते: तुमच्याबद्दल आम्हाला काय सांगितले गेले आहे, ते तुम्हीच आधी पाहा.

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करा, वरच्या पट्टीत एआयएस निवडा. अनुपालनाचे दुसरे पोर्टल उघडते आणि दोन चौकटी दिसतात. टीआयएस म्हणजे गोषवारा आणि एआयएस म्हणजे तपशील. गोषवाऱ्यावर थांबू नका, तपशील उघडा. पीडीएफ उतरवून घेतली तर तिचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. मोबाइलवर पाहायचे असेल तर खात्याचे स्वतःचे ‘एआयएस फॉर टॅक्सपेअर’ हे ॲप आहे. त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही उतरवू नका.

वाचताना हातात पेन्सिल असू द्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा: हा व्यवहार माझा आहे का? तुमच्या नावावर कधी भलतेच भाडे उत्पन्न दिसेल. कारण कोणीतरी घरभाडे भत्त्याची सूट घेताना घरमालक म्हणून तुमचा पॅन टाकलेला असतो. वर्षाला १ लाखाहून जास्त भाडे दाखवायचे तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि मालकाने तो दिला नाही की काही बहाद्दर सोसायटीच्या जुन्या कागदावरून कोणाचाही उचलतात. शेअरच्या बाबतीत एका डिमॅट खात्यातून दुसऱ्यात हलवलेले किंवा मुलीला भेट दिलेले शेअरही बाजाराबाहेरचा व्यवहार म्हणून दिसतात आणि विक्रीसारखे भासतात. म्युच्युअल फंडाच्या विक्रीपुढे खरेदीची किंमत कोरी किंवा चुकीची असू शकते. ती जशीच्या तशी विवरणपत्रात उतरवली तर नसलेल्या नफ्यावर कर भरून बसाल.

ओळ चुकीची असेल तर तिच्यापुढे अभिप्राय देण्याची सोय आहे. माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दुबार आली आहे, हे उत्पन्न करपात्र नाही, किंवा माहितीच नाकारतो, अशा पर्यायांतून निवडायचे. मुख्याध्यापकांच्या पत्नीने इथेच कळवले की ठेव दुसऱ्याच्या पैशातून आहे. अभिप्राय मग मूळ संस्थेकडे जातो आणि ती दुरुस्ती मानते किंवा फेटाळते. मे २०२४ पासून त्या संस्थेने काय उत्तर दिले तेही तुम्हाला दिसू लागले आहे. अभिप्राय दिल्यावर त्याची पोच उतरवून ठेवा. विचारणा बऱ्याचदा दोन-तीन वर्षांनी येते, आणि तोवर आपल्यालाच आठवत नाही की आपण काय लिहिले होते.

खोटे मात्र नाकारू नका. ‘माहिती नाकारतो’ हे बटण काहींना जादूचे वाटते. बँकेने ‘नाही, व्यवहार याचाच आहे’ असे पुन्हा सांगितले की प्रकरण ई-पडताळणी योजनेत जाऊ शकते आणि मग पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. खरेच राहून गेले असेल, तर सरळ मार्ग अद्ययावत विवरणपत्राचा. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्याची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांवर गेली. मूळ कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के असा जादा भार चढत जातो. उशिराची किंमत स्पष्ट आकड्यात सांगणारा कायदा आपल्याकडे विरळाच.

आणखी एक. एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न करपात्र नाही, असे होत नाही. शिकवणीचे रोख पैसे, मित्राला दिलेल्या उसनवारीवरचे व्याज त्यात येणार नाही. दाखवायची जबाबदारी तुमचीच.

फाईल पुढे कोणाकोणाकडे जाते

एके काळी भारतात करदात्याची माहिती कायद्यानेच गोपनीय होती. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम १३७ होते, ते १९६४ मध्ये काढून टाकले गेले. उरले कलम १३८. त्यानुसार खाते इतर कर अधिकाऱ्यांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना माहिती देऊ शकते. जुलै २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने सेबीशी आणि अप्रत्यक्ष कर मंडळाशी माहिती देवाणघेवाणीचे करार केले. म्हणून दुकानदाराने जीएसटीत दाखवलेली उलाढाल आणि आयकरात दाखवलेली उलाढाल यांत तफावत असली की दोन्हीकडून पत्र येते. माझ्याकडे येणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना मी एवढेच सांगतो की दोन्ही आकडे एकाच वहीतून काढा. दोन वेगळ्या माणसांकडून दोन वेगळी विवरणपत्रे भरून घेण्याचे दिवस गेले.

कल्याणकारी योजनांमध्ये हा धागा गावापर्यंत पोहोचतो. पीएम-किसान योजनेत मागच्या कर-निर्धारण वर्षात आयकर भरलेला शेतकरी अपात्र ठरतो, आणि अशांना मिळालेले हप्ते परत मागितले गेले आहेत. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबातला कोणीही आयकरदाता असेल तर बाई अपात्र, आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. या अटींची पडताळणी तलाठ्याच्या दाखल्यावर फार काळ थांबत नाही. कर खात्याकडची माहिती हाच तिचा सरळ रस्ता असतो. इथे एक फरक ध्यानात घ्या. विवरणपत्र भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी एजंटने तीन वर्षांची विवरणपत्रे भरून दिली आणि कर्ज लवकर मिळावे म्हणून उत्पन्न फुगवून थोडा करही भरला, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. कर्ज मिळाले, पण घरातल्या दोघांचे हप्ते थांबले. त्या एजंटला आपण काय तोडले हे कळलेही नसेल.

शेजारी, भाऊबंद किंवा व्यवसायातला प्रतिस्पर्धी तुमचे विवरणपत्र माहिती अधिकारात मागू शकतो का? सहसा नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात, ३ ऑक्टोबर २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आयकर विवरणपत्रातला तपशील ही व्यक्तिगत माहिती ठरवली. कलम १३८ खाली कोणीही आयकर आयुक्तांकडे अर्ज करू शकतो, पण त्यात सार्वजनिक हित आहे अशी त्यांची खात्री पटावी लागते. पोटगीच्या दाव्यात मात्र गोपनीयतेची ढाल फारशी चालत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यात खोटे बोललेले एआयएसशी ताडून पाहायला वेळ लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्यावर विसंबून ‘माझी माहिती घेऊच नका’ असे कर खात्याला सांगता येईल, असा समज धरू नका. पॅन-आधार जोडणीची सक्ती त्याच न्यायालयाने टिकवली. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा कायद्यातही कायद्याच्या उल्लंघनाचा तपास करण्यासाठी होणाऱ्या माहितीच्या वापराला मोठी सूट आहे. माझ्या मते ही सूट गरजेपेक्षा सैल आहे. पण आज हाती असलेले हत्यार एआयएसवरचा अभिप्राय हेच आहे, आणि ते वापरले जात नाही हे जास्त वाईट.

एक अफवा इथेच निकालात काढू. ‘१ एप्रिल २०२६ पासून आयकरवाले सगळ्यांचे व्हॉट्सॲप वाचणार’ असा संदेश तुम्हालाही आला असेल. नव्या कायद्याच्या कलम २४७ मध्ये ‘आभासी डिजिटल जागे’चा उल्लेख आहे हे खरे, आणि त्यात ई-मेल, समाजमाध्यमे, क्लाउड हे सगळे येते. पण ते कलम झडतीचे आहे. ज्याच्यावर रीतसर झडती निघाली आहे, त्याच्या बाबतीत हा अधिकार आहे; सरसकट सगळ्यांचे संदेश वाचण्याचा नाही. झडतीतल्या माणसाला त्याची काळजी वाटण्यासारखी आहे, कारण त्याच्या फोनमध्ये दुसऱ्यांचेही बोलणे असते.

हिंजवडी, ह्यूस्टन आणि लिस्बन

पुण्याच्या आयटी कंपन्यांतल्या कित्येकांना अमेरिकी मूळ कंपनीचे शेअर पगाराचा भाग म्हणून मिळतात. ते अमेरिकेतल्या ब्रोकरच्या खात्यात पडून असतात आणि बहुतेकांच्या लेखी ती भारतात न दिसणारी चीजवस्तू असते. वित्तीय खात्यांची माहिती एकमेकांना कळवण्याचा भारत आणि अमेरिका यांच्यातला फॅटका करार ९ जुलै २०१५ रोजी झाला. शंभरहून अधिक देश-प्रदेशांत चालणाऱ्या सीआरएस या सामायिक व्यवस्थेतही भारत आहे, आणि त्याची देवाणघेवाण २०१७ पासून चालू आहे. सीआरएसमध्ये परदेशी बँक तुमचे नाव, पत्ता, कर क्रमांक, जन्मतारीख, खाते क्रमांक, वर्षअखेरची शिल्लक आणि व्याज-लाभांश असे सगळे कळवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने अशा करदात्यांना संदेश पाठवून परदेशी मालमत्ता दाखवण्याची आठवण करून दिली.

त्यासाठी विवरणपत्रात परिशिष्ट एफए आहे. त्याची गंमत अशी की ते आर्थिक वर्षाप्रमाणे न भरता जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचे. शेअर विकले नाहीत, नफा झाला नाही, तरीही मालमत्ता दाखवावीच लागते. न दाखवल्यास काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून इतर परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. पण दंड लागत नाही म्हणजे दाखवायचे नाही, असा अर्थ काढू नका.

उलट बाजूही आहे. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मुलीची पुण्यातली ठेव बँक फॅटकाखाली कळवते आणि ती माहिती अमेरिकेत जाते. तिच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिला अमेरिकेच्या अर्थखात्याकडे एफबार हे वेगळे विवरण द्यावे लागते. वडिलांनी सोय म्हणून आपल्या खात्यात तिचे नाव घातले असेल तर ते खातेही त्या बेरजेत येते. मुलाबाळांचे नाव घालण्याआधी त्यांना एकदा विचारा.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लिस्बनला किंवा लंडनला गेलेल्या गोवेकरांना बँक कर-निवासाचे स्वयंघोषणापत्र भरायला सांगते. तिथे घोटाळा होतो. अमेरिकेच्या बाबतीत नागरिकत्वालाही महत्त्व आहे. सीआरएसमध्ये पासपोर्ट कुठला हे गौण. तुम्ही कराच्या दृष्टीने कोणत्या देशाचे रहिवासी आहात, हे लिहायचे. मडगावच्या बँकेत गडबडीत ‘भारत’वर खूण करून निघून आलेला माणूस पुढे दोन देशांच्या पत्रांना उत्तरे देत बसतो.

गळती कुठून होते

आयकर खात्याचा कर्मचारी अनधिकृतपणे माहिती बाहेर देईल तर जुन्या कायद्याच्या कलम २८० खाली त्याला शिक्षा आहे. झेरॉक्सवाल्याला तसले काही लागू नाही. विवरणपत्र भरून देणाऱ्या एजंटला आपण पोर्टलचा पासवर्ड देतो, बँकेचा उतारा व्हॉट्सॲपवर पाठवतो, आधारची प्रत टेबलावर ठेवून येतो, आणि मग काळजी करतो ती सरकारची.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभर १५० ठिकाणी पडताळणी केली. त्यात महाराष्ट्रही होता. जास्तीचा परतावा मिळवून देणारे हे लोक करदात्यांसाठी तात्पुरते ई-मेल उघडत आणि काम झाले की सोडून देत. पुढे खात्याच्या नोटिसा त्या बेवारस पेट्यांत पडत राहिल्या. नोटीस कायद्याने ‘बजावली’ गेली, करदात्याला मात्र पत्ताच नाही. माझ्याकडे आलेल्या एका कारखाना कामगाराच्या प्रोफाइलमध्ये सहा वर्षांपूर्वीच्या एजंटचा मोबाइल क्रमांक होता आणि तो एजंट गाव सोडून गेला होता. परतावा मिळाला तेव्हा या माणसाने मित्रांना चहा पाजला होता. वसुलीची नोटीस आली तेव्हा ती त्याला दिसलीच नाही.

म्हणून पोर्टलवर ‘माय प्रोफाइल’ उघडून प्राथमिक मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा करा. सल्लागाराचा हवा असेल तर तो दुय्यम ठिकाणी. पासवर्ड बदला. ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’मध्ये जास्तीच्या सुरक्षेचा पर्याय आहे, तो लावला की फक्त पासवर्डवर दार उघडत नाही, आधारचा ओटीपी किंवा नेट बँकिंग लागते. जिथे चालते तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे आधार द्या आणि प्रतीवर कशासाठी दिली ते पेनाने लिहा. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. तुमच्या पॅनवर कोणी कर्ज उचलले असेल तर ते तिथे दिसते.

नोटीस आली की घाबरण्याआधी तिचा डीआयएन पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर हा क्रमांक असावा लागतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिनशिवाय, तो टाकून पत्र खरे की खोटे ते पाहता येते. ‘तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर, खाते क्रमांकाची खात्री करा’ असल्या संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. आयकर खाते कधी कार्डाचा पिन किंवा ओटीपी मागत नाही.

एआयएस मे महिन्यात पाहून उपयोग नाही. बँकांची एसएफटी आणि शेवटच्या तिमाहीची टीडीएस विवरणे ३१ मेपर्यंत येत असतात. जूनच्या मध्यावर एका रविवारी चहा घेऊन बसा आणि एआयएस वाचून काढा. आणि आईवडिलांच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.